दुसरीच्या गच्चीवरच्या बिबड्या

परवा एका हळदीकुंकवाला एका ओळखीच्या बाईंनी मला गाठलं. "तुमच्या गटाचं यूट्यूब चॅनल आहे म्हणे! महिन्याला किती सुटतात?"

"अजून एक रुपयासुद्धा नाही," मी म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही कीव आल्यासारखं पाहिलं की बस्स! पण मैत्रिणींनो, पैसे सोडून या चॅनलनं मला जे दिलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती आधी सांगून टाकते.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. घरचं आवरलं की आजूबाजूच्या खेड्यांतल्या बचत गटांत जाते. त्यातला एक गट दर उन्हाळ्यात बिबड्या करतो. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, मग जिरं, तीळ, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर थापून कडक उन्हात वाळवायचं. अर्धवट वाळलेली ओली बिबडी कच्च्या शेंगदाण्यांबरोबर खाण्यात जी मजा आहे, ती तळलेल्या बिबडीतही नाही!

2024च्या चैत्रात माझी लेक सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आई, हे सगळं यूट्यूबवर टाक ना." गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशी कॅमेऱ्यासमोर अहिराणीत बोलू लागल्या आणि आमचं चॅनल सुरू झालं.

पहिल्या व्हिडिओला मागे एक गाजलेलं सिनेमातलं गाणं लावलं. दुसऱ्याच दिवशी गाण्याच्या मालकांचा क्लेम आला. म्हणजे आपला व्हिडिओ राहतो, पण त्यावर जाहिराती लागल्या तर पैसे त्यांना जातात. "गाणं अमक्याचं आहे" असं खाली लिहिलं की चालतं, असं मला वाटायचं. चालत नाही. तीस सेकंदांपर्यंत माफ असतं, हेही ऐकीव आणि खोटं. पण तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

मग आला अवकाळी पाऊस. आमच्या दोन खाटांवरच्या बिबड्या भिजल्या आणि वाळवणाचं चित्रीकरण राहून गेलं. गुरुवारी व्हिडिओ टाकायचा होता. मी काय केलं असेल? दुसऱ्या एका चॅनलवरचं गच्चीवरच्या वाळवणाचं दृश्य उतरवून घेतलं आणि आमच्या व्हिडिओत चिकटवलं. चाळीस-पन्नास सेकंदांचा तर प्रश्न, कुणाला कळणार आहे!

आठवड्यात ईमेल आली. व्हिडिओ काढून टाकला होता आणि चॅनलवर कॉपीराइट स्ट्राइक आला होता. नव्वद दिवसांत असे तीन ठपके पडले की चॅनल कायमचं बंद होऊ शकतं. मावशींनी धास्तावून विचारलं, "ताई, आपलं दुकान बंद पडनं का व?"

मला आधी रागच आला. एवढ्याशा गोष्टीसाठी तक्रार! मग तक्रार कुणाची आहे ते पाहिलं. कुठलीही मोठी कंपनी नव्हती. माझ्यासारखीच एक गृहिणी होती, पलीकडच्या जिल्ह्यातली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पंधरा वर्षं मी गावोगावी सांगत फिरते, की बाईच्या कष्टांची किंमत कुणी करत नाही. आणि मीच काय केलं होतं? एका बाईनं पहाटे उठून घाटा शिजवला, उन्हात थापला, एका हातानं मोबाइल धरून चित्रीकरण केलं आणि ते मी न विचारता उचललं. सासरच्यांनी केलं असतं तर मी त्याला शोषण म्हटलं असतं!

सकाळी त्यांच्या ईमेलवर साधी माफी मागितली. कारणं दिली नाहीत. दोन दिवसांनी उत्तर आलं. "ताई, विचारलं असतं तर दिलं असतं. मी तक्रार मागे घेते." तक्रार मागे घेतली गेली की ठपकाही पुसला जातो, तसा तो पुसला गेला. माझ्या मनावरचा मात्र राहिला, आणि तो राहिलेलाच बरा.

पुढची परीक्षा पैशाची होती. जाहिरातींतून कमाई सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर लागतात आणि शिवाय गेल्या 365 दिवसांत लोकांनी आपले व्हिडिओ मिळून 4,000 तास पाहिलेले असावे लागतात. दुसरा रस्ता 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज मिळवण्याचा. वर्ष होत आलं तरी आमचे सबस्क्रायबर जेमतेम चारशे. अशात ओळखीतला एक पोरगा म्हणाला, "काकू, अडीच हजारांत हजार सबस्क्रायबर आणून देतो." गटातल्या दोघीतिघींचे डोळे चमकले. एकीच्या पोरीची फी थकली होती. पेटीतले पैसे काढायची गोष्ट निघाली.

मी बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "ज्या बाया बैठकीला येत नाहीत, त्यांच्या सह्या ठोकून गट चालतो का?"

सगळ्या गप्प! गटाची पंचसूत्री आम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. खोट्या सह्यांनी वही भरेल, पेटी भरणार नाही. विकत घेतलेल्या सबस्क्रायबरांचं तेच. हे नियमात बसत नाहीच, त्यावरून चॅनलही जाऊ शकतं. शिवाय हिशेब करा ना. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. एकेकानं पाच मिनिटं पाहिलं तर 48,000 वेळा व्हिडिओ पाहिला जायला हवा. नुसती नावं थोडीच पाहणार आहेत? "तू माझं कर, मी तुझं करते" अशी साटंलोटंही याच नियमात अडकतात.

त्या दिवशी आम्ही चॅनलचीही पंचसूत्री केली. दर गुरुवारी एक व्हिडिओ. चित्र आणि आवाज आपलाच. संगीत लागलंच तर यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं. (पण पातेल्यात घाटा रटरटण्याचा आवाज लोकांना गाण्यापेक्षा जास्त आवडतो, हे नंतर कळलं!) जे शीर्षकात तेच आत. कुणाही बाईचा चेहरा तिला विचारल्याशिवाय नाही. आणि कुणी मसाला फुकट देऊन दाखवायला सांगितला, तर तसं उघड सांगायचं आणि व्हिडिओ टाकताना सशुल्क जाहिरातीच्या चौकोनात खूण करायची.

सहावी गोष्ट लेकीनं लावून दिली, दोन टप्प्यांची सुरक्षा. पासवर्डनंतर फोनवर खात्री केल्याशिवाय खातं उघडत नाही. नगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे आजींचं 'आपली आजी' हे गाजलेलं चॅनलसुद्धा 2020मध्ये हॅक झालं होतं. सुदैवानं त्यांना ते परत मिळालं. आपण काळजी घेतलेली बरी.

आज आमचे सबस्क्रायबर बाराशेच्या वर गेलेत. तास मात्र अजून पुरे झाले नाहीत, म्हणून त्या बाईंना "एक रुपयाही नाही" असंच उत्तर द्यावं लागलं. पण सुरतेला स्थायिक झालेल्या एका खानदेशी भगिनीनं मावशींची अहिराणी ऐकून लिहिलं, "आई गेल्यापासून असं कुणी बोललं नव्हतं." पुण्या-नाशिकहून बिबड्यांची मागणी आली, तेव्हा आम्ही एफएसएसएआयची नोंदणी काढली आणि गेल्या उन्हाळ्यात साठ किलो बिबड्या पाठवल्या. पोरीची फी त्यातूनच भरली गेली.

गेल्या चैत्रात पुन्हा ढग दाटले. आमचं वाळवण पुन्हा रखडलं. या वेळी मी त्या पलीकडच्या ताईंना फोन केला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या गच्चीचं चित्रीकरण माझ्या मोबाइलवर होतं, सोबत लेखी परवानगी आणि एक ओळ, "माझं नाव मात्र मोठ्या अक्षरात टाका हं!"

टाकलं. सगळ्यात मोठ्या अक्षरात.