काळे अक्षर

परतवाड्याच्या बसस्थानकात गाडी येऊन उभी राहिली, की प्रवाशांची दृष्टी प्रथम तिच्या पाटीकडे जाते. ‘अमरावती’ किंवा ‘चिखलदरा’ हे नाव वीस पावलांवरून वाचता आले पाहिजे. म्हणून तेथे जाड, भरदार अक्षर योजतात. विजेच्या खांबावरील ‘धोका’ हा शब्दही असाच ठळक असतो. तो बारीक अक्षरांत लिहिला, तर वाचण्यासाठी खांबापाशीच जावे लागेल!

अक्षराचा हा जाडपणा मूळचा लेखणीतला. बोरूचे टोक तिरपे छाटले, म्हणजे एका दिशेने रेघ रुंद उमटते व दुसऱ्या दिशेने बारीक. युरोपातील मठांत ग्रंथांच्या नकला करणारे लेखकही रुंद टोकाचीच लेखणी वापरीत. मात्र ती पक्ष्याच्या पिसाची असे. चर्मपत्र महाग, तेव्हा त्यांनी अक्षरे अरुंद करून एकमेकांना भिडवली. गोल वळणे मोडून तेथे कोन आले. सारे पान काळ्या विणीच्या वस्त्रासारखे दिसू लागले. या वळणाला पुढे इंग्रजीत ‘ब्लॅकलेटर’, म्हणजे काळे अक्षर, असे नाव पडले. जर्मनीतील माइन्झ शहरी योहान गुटेनबर्गने इ. स. १४५५ च्या सुमारास बायबल छापले, त्याचे खिळे याच वळणाचे होते. जर्मनीत अशी पुस्तके विसाव्या शतकातही निघत. १९४१ साली तेथील सरकारने हा प्रघात थांबवला. आज या अक्षरातील सबंध पुस्तक वाचणे जिकिरीचे वाटेल. परंतु ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राचे नाव अजून त्यातच छापले जाते, आणि प्रशस्तिपत्रांच्या शीर्षकांनाही ते भारदस्तपणा आणते.

मराठी छपाईत मथळ्यांचे हे काम ठळक देवनागरी खिळ्यांनी केले. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली मुंबईत काढलेला निर्णयसागर छापखाना सुबक खिळ्यांसाठी नावाजला गेला. देवनागरी अक्षर जाड करणे मात्र मोठे नाजूक काम आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांतील भेद एखाद्या गाठीवर किंवा लहानशा रेघेवर अवलंबून असतो. रेघ रुंदावली, की अक्षराच्या पोटातील पांढरी जागा आकसते. शाई पसरली, की ती पार बुजते. मग ‘भार’ चा ‘मार’ होतो, आणि खांबावरचा ‘धोका’ वाटसरूला ‘घोका’ असा उपदेश करू लागतो! म्हणून जाणता कारागीर काळी रेघ वाढवताना पांढऱ्या जागेवरच अधिक नजर ठेवतो.

आता खिळे जुळवणारे छापखाने मागे पडले. संगणकावर एक कळ दाबताच अक्षर जाड होते. परंतु त्या वळणाचे ठळक रूप कोणी वेगळे रेखाटून ठेवलेले नसेल, तर संगणक मूळची रेघ नुसती चहूकडून फुगवतो, आणि ‘ष’ च्या पोटातील तिरपी रेघ काळ्या ठिपक्यात नाहीशी होते.