हे प्रतिविष विकत घेणार कोण?

पहाटे ५

पावसाळ्यात हिरकणीवाडीत लाइटचा आणि रेंजचा भरवसा धरायचा तो पहाटेच. दिवस वर आला की रायगडाच्या रोपवेच्या पायथ्याशी गाड्या लागतात, आमच्या घरात पर्यटकांच्या पिठलं-भाकरीची गडबड उडते, आणि दुपारनंतर कड्यावरून ढग खाली उतरले की फोन नावापुरता उरतो. म्हणून मी अंधारातच लॅपटॉप उघडते.

माझं काम म्हणजे जैवतंत्रज्ञानातल्या नवउद्योगांकडून सरकारी अनुदानाचे अर्ज नीट लिहून घेणं. पुण्यात एका इन्क्युबेटरमध्ये नोकरी केली, तिथे हे शिकले. प्रयोगशाळेतल्या मुलांना प्रयोग उत्तम सांगता येतो. पैसे कशासाठी हवेत हे सांगताना त्यांची जीभ अडखळते.

सध्या ‘बिग’चा हंगाम आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली ‘बायरॅक’ नावाची ना-नफा कंपनी काढली, तिची ही योजना: बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट. कल्पना खरी ठरते का हे पाहण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत ५० लाखांपर्यंत अनुदान, आणि त्या बदल्यात कंपनीचा हिस्सा मागत नाहीत. वर्षातून दोनदा अर्ज घेतात, १ जानेवारीपासून आणि १ जुलैपासून. जुलैची फेरी ऑगस्टच्या मध्याला संपते, म्हणजे लावणीचे आणि अर्जांचे दिवस एकच.

आज हातात आहे तो पुण्यातल्या दोघांचा अर्ज. लाल विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आज घोड्याच्या रक्तातून काढतात. यांना ते जिवाणूंकडून बनवून घ्यायचं आहे. पहिल्या मसुद्यात मेक्सिको होतं, ब्राझील होतं, मोरोक्को होतं. महाडचं नाव कुठेही नव्हतं.

सकाळी ६:३०

‘पार्श्वभूमी’चा भाग मी स्वतः लिहायला घेतला. इथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या गावाचा इतिहास मी दुसऱ्यावर सोडणार नाही.

सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली माणसं तिथे यायची ती घामाने निथळत, उलट्या करत, हातपाय गार पडलेली. मग छातीत पाणी भरायचं. गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांतले तीस-चाळीस जात. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवत राहिले. त्यांची निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध विषाने उठवलेलं हृदयाचं वादळ आवरतं, हा त्यांचा अनुभव १९८६ साली त्याच नियतकालिकात छापून आला. मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरलं. पुढे २०११ साली ‘बीएमजे’मध्ये त्यांनी महाडमधल्या ७० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांत हा आकडा ८ होता. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अर्ज तपासणाऱ्या समितीला मला यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. प्राझोसिन जुनं आणि स्वस्त औषध. विंचवावर ते चालतं हे सिद्ध करून कुठल्याही कंपनीला काही मिळणार नव्हतं, म्हणून ते एका सरकारी डॉक्टरने सिद्ध केलं. गरिबाच्या आजारावर संशोधन होतं. त्याच्यामागे पैसा आपणहून येत नाही. सरकारी अनुदान असतं ते नेमकं या जागेसाठी.

सकाळी ८

दोन तास घरचे. आईबरोबर भाकऱ्या थापल्या, गडावर जाणाऱ्या एका मोठ्या गटाचं जेवण सांगून घेतलं. वारा फार असल्याने रोपवे थांबला होता, त्यामुळे अंगणात माणसं ताटकळत बसली. आत्या आणि चुलतभाऊ खाचरात उतरले होते, त्यांना चहा पोचवला.

सकाळी १०

पुण्याशी फोन. मुलगा आणि त्याची भागीदार, दोघंही पंचविशी-तिशीतले, मला ताई म्हणतात.

आज अंदाजपत्रक. मुलाने उपकरणांवर अर्ध्याहून जास्त पैसे लावले होते. मी म्हटलं, “अरे, यंत्र घेऊ नकोस. पुण्यात व्हेंचर सेंटर आहे, तिथली उपकरणं भाड्याने वापर. पैसे माणसांवर आणि चाचण्यांवर घाल.” राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून चालू आहे आणि ‘बिग’ राबवणाऱ्या भागीदार संस्थांपैकी ते एक आहे. चांगलं यंत्र घरात आणून ठेवण्यापेक्षा उंदरांवरच्या चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घेतलेल्या बऱ्या. त्या अहवालावर पुढचा पैसा उभा राहतो.

मग बारीकसारीक, पण पुढे गळ्याशी येणाऱ्या गोष्टी. अनुदानासाठी बँकेत वेगळं खातं लागतं, त्यावर बँकेचा कसलाही हक्क चालत नाही. पैसा एकदम मिळत नाही, टप्पा पुरा झाला की हप्ता सुटतो. खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र सीएकडून लागतं. जनुक बदललेले जिवाणू वापरणार, तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी. विष इथल्या विंचवाचं, म्हणून धंद्यासाठी वापरण्याआधी राज्य जैवविविधता मंडळाचा विषय येतो. ते मंडळ नागपूरला आहे. २००२ चा जैवविविधता कायदा सांगतो की अशा वापरातला लाभ स्थानिकांपर्यंत पोचला पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती हवी. मुलगी म्हणाली, “म्हणजे तुमच्या गावालासुद्धा?” “हो, आमच्यासुद्धा. अर्जात तसं लिही.” हा मुद्दा मी प्रत्येक अर्जात घालते आणि घालत राहणार.

दुपारी १२

मुलाने विचारलं, “ताई, स्टार्टअपला तीन वर्षं टॅक्स नाही ना? मग गुंतवणूकदाराला तसं सांगू?”

हा प्रश्न दर हंगामात येतो आणि दर वेळी सविस्तर उत्तर द्यावं लागतं. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०-आयएसी कलमाची ही सवलत. १ एप्रिल २०१६ नंतर स्थापन झालेली पात्र कंपनी पहिल्या दहा वर्षांतली सलग तीन वर्षं निवडू शकते, त्या तीन वर्षांचा सगळा नफा करमुक्त. २०२५ च्या अर्थसंकल्पाने स्थापनेची मुदत १ एप्रिल २०३० पर्यंत वाढवली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून सीएशी बोलताना जुना-नवा दोन्ही क्रमांक विचारून घ्यावे.

आता हिशेब घाला. प्रयोग दीड-दोन वर्षं, प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या, मग केंद्रीय औषध नियंत्रकाची मंजुरी, मग कारखाना. पहिली कुपी विकली जाईपर्यंत त्या दहा वर्षांतली बहुतेक उलटून जातात. नफा तर त्याच्याही पुढे. करमाफी नफ्यावर मिळते. ज्याला नफाच नाही त्याच्या पदरात तिचं मोल शून्य. मोबाइल ॲप काढणाऱ्याला ही सवलत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कामाला येईल. प्रतिविष काढणाऱ्याला तोवर तोटा पुढच्या वर्षांवर नेण्याचाच आधार, आणि धंद्यातला तोटाही आठच वर्षं पुढे नेता येतो.

दुसरी सवलत संशोधनावरच्या खर्चाची, ३५(२एबी). विज्ञान-तंत्रज्ञान खात्याने मान्य केलेल्या स्वतःच्या प्रयोगशाळेत कंपनीने शंभर रुपये घातले, तर उत्पन्नातून दोनशे वजा करता येत. हे मार्च २०१७ पर्यंत. मग दीडशे झाले, आणि एप्रिल २०२० पासून शंभराला शंभर. वर २२ टक्क्यांच्या सवलतीच्या करदरात शिरलेल्या कंपनीला ८०-आयएसी नाही आणि ३५(२एबी) पण नाही. दोन्ही बाजूंची गणितं मांडूनच निवड करायची. पेटंटच्या स्वामित्वधनावर १० टक्के कर, तोही २०१६ च्या अर्थसंकल्पापासून आहे, पण स्वामित्वधन यायला हवं.

ज्या तरतुदी लहानांना आजच उपयोगी पडतात त्या बिनगाजावाजाच्या आहेत. पेटंट-अर्जाचं शुल्क मोठ्या कंपनीला ८,००० रुपये, स्टार्टअपला १,६००. आणि शेअरच्या चढ्या भावावर लागणारा, २०१२ पासून नवउद्योजकांच्या मानेवर बसलेला ‘एंजल टॅक्स’ २०२४ च्या जुलैच्या अर्थसंकल्पात गेला. हे निर्णय चांगले झाले. आणखी एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: २०१५ च्या दुरुस्तीनंतर सरकारी अनुदान हेही उत्पन्नात धरलं जातं, म्हणून खर्च त्याच वर्षी नीट दाखवला नाही तर अनुदानावरच कराची नोटीस यायची.

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग गुंतवणूकदाराला सांगू काय?”

दुपारी २

लाइट गेली. जेवले. अर्ज कागदावर काढलेला होता, तो घेऊन पडवीत बसले आणि पेन्सिलीने ‘बाजारपेठ’ या रकान्याला भिडले. अर्जातला सगळ्यात कमजोर भाग तोच होता.

विंचू चावतो तो सरपणाच्या ढिगाखाली हात घालणाऱ्या बाईला, दगडी बांध रचणाऱ्या गड्याला, जमिनीवर झोपलेल्या पोराला. यांतला एकही जण दुकानात जाऊन प्रतिविष विकत घेत नाही. ते सरकारी दवाखान्यात असतं किंवा नसतं. म्हणजे गिऱ्हाईक एकच, सरकार.

अमेरिकेने अशा छोट्या बाजारांसाठी १९८३ साली कायदा केला. विरळ आजारावर औषध काढा, सात वर्षं मक्तेदारी घ्या, चाचण्यांच्या खर्चावर मोठी करसवलत घ्या. त्याच वाटेने २०११ साली तिथे विंचवावरचं पहिलं प्रतिविष मंजूर झालं, मेक्सिकोत बनणारं ॲनास्कॉर्प. मेक्सिकोत ज्या कुपीला शंभर डॉलरच्या आसपास पडत, तिची किंमत अमेरिकेत हजारो डॉलरवर गेली. करसवलत दिली, किमतीची अट घातली नाही, त्याचा हा परिणाम. ती वाट आपण धरू नये.

उलट बाजूचं उदाहरण पुण्याचंच आहे. २००९ साली काही देशांनी आणि गेट्स फाउंडेशनने मिळून दीड अब्ज डॉलर बाजूला काढले आणि उत्पादकांना सांगितलं: न्यूमोनियावरची लस बनवा, या भावात अमुक इतकी आम्ही घेऊ. सिरम इन्स्टिट्यूटने ‘न्यूमोसिल’ बनवली, २०१९ च्या डिसेंबरात तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि गरीब देशांना ती दोन डॉलरला एक डोस अशी मिळाली. आधी गिऱ्हाईक ठरलं, मग कारखाना चालला. (सिरमची सुरुवातही प्रतिविषाच्या घोड्यांपासूनच आहे. संस्थापक पूनावालांच्या तबेल्यातले वयस्क घोडे परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला जात. त्यावरूनच १९६६ साली स्वतःचा कारखाना काढायचं सुचलं.)

आपल्या राज्यालाही हा विचार नवा नाही. महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या नवउद्योगांना रोख बक्षिसाऐवजी सरकारी खात्याचं काम मिळतं, काही लाखांचा कार्यादेश. प्रतिविषासाठी ही रक्कम तुटपुंजी आहे, पण रीत बरोबर आहे. केंद्राने संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी २०२५ च्या नोव्हेंबरात सुरू केला, बायरॅकही त्यातला एक वाटपकर्ता. पण तो पैसा कमी व्याजाचं कर्ज किंवा भांडवल म्हणून मिळतो. खरेदीदार नसलेल्या मालावर काढलेलं कर्ज फेडायचं कुठून?

सायंकाळी ५

पावसाने उघडीप दिली. पाचाडकडून येणाऱ्या, आरोग्य विभागाच्या आशाताई चहाला थांबल्या. त्यांना मी विचारलं, लोक दंश झाल्यावर आधी कुठे जातात? “आधी मांत्रिकाकडं जायचे. आता गाडी मिळाली की दवाखान्यात. पण विचारतात, ताई, तिथं औषध आहे ना नक्की? मग जातो.” सर्पदंशाचं प्रतिविष पूड स्वरूपात असलं तर थंडगार पेटीशिवाय टिकतं, द्रवरूप असलं तर फ्रिज हवा, इथे लाइट किती वेळा जाते ते त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. मी मुलांना निरोप टाकला: उत्पादन पूडच हवं, ही अट पहिल्या टप्प्यात घाला. प्रयोगशाळेत सुचली नसती अशी ही अट आहे, आणि ‘नावीन्य’ या रकान्यात ती शोभेल.

रात्री ८:३०

लाइट आली. ‘बाजारपेठ’ नव्याने लिहिलं. जगभरच्या बाजाराचे अब्जांचे आकडे काढून टाकले. त्याजागी लिहिलं: खरेदीदार राज्याचा आरोग्य विभाग, वापर कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातली आरोग्य केंद्रं, किंमत घोड्यापासूनच्या प्रतिविषाहून जास्त नाही. आणि एक विनंती जोडली की, टप्पे पुरे झाल्यास ठराविक भावाने ठराविक कुप्या घेण्याची लेखी हमी मिळावी. ‘बिग’च्या चौकटीत अशी हमी देण्याची तरतूद नाही, हे मला माहीत आहे. तरी समितीच्या कागदावर ती मागणी यावी, पुढच्या अर्जात पुन्हा यावी, आणि सरकारी टिपणीत जाईपर्यंत येत राहावी. मुलाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, “ताई, सकाळी ९ ला अपलोड करतो.”

वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विंचूदंशाचं प्रतिविष किती आहे, शेवटची खरेदी कधी झाली आणि कोणत्या भावाने, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाचं शुल्क १० रुपये आहे. उत्तर आलं की ते ग्रामसभेत वाचून दाखवा आणि आपल्या आमदारांकडे पाठवा.