घरी शिकणारी मुले आणि कायदा

गेल्या पावसाळ्यात चौल परिसरातील एका शाळेचा हजेरीपट पाहत असता दुसरीतील एका मुलीच्या नावापुढे ‘घरी शिकते’ असा शेरा आढळला. मुलीस चालता येत नाही व बोलणेही अस्पष्ट. सुपारीच्या वाडीतील तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, “साहेब, गुरुजींनीच सांगितलं, तिला घरीच राहू दे. माझ्या मनात तिला शाळेत धाडायचं होतं.” गुरुजींचा हेतू वाईट नव्हता, परंतु कायद्याचे अज्ञान मुलीच्या हक्काच्या आड आले. सबब या विषयाचा थोडक्यात विचार करू.

पूर्वी सक्तीचा रोख पालकांवर असे. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. संविधानात २००२ साली ८६ व्या दुरुस्तीने कलम २१-क आले आणि त्यास अनुसरून झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम ८ मध्ये ‘सक्ती’चा अर्थ स्पष्ट केला आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाचा प्रवेश, उपस्थिती व आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे यांची जबाबदारी शासनाची होय. कलम १० ने बालकास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले, मात्र त्यासाठी दंड सांगितलेला नाही.

मग घरी शिकविण्याचे काय? याची दोन प्रकरणे वेगळी ठेवावीत.

पहिले, विकलांग बालकांचे. २०१२ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मधील व्याख्येप्रमाणे बहुविकलांग व तीव्र विकलांग बालकांस गृहाधिष्ठित शिक्षण निवडण्याचा हक्क दिला. येथे ‘निवडण्याचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निवड बालकाची व पालकांची. शिक्षकाच्या सोयीची नव्हे. शिवाय असे बालक पटावरच राहते. विशेष शिक्षकाचे मार्गदर्शन व इतर साहाय्य त्यास शाळेमार्फतच पोहोचावयाचे असते. नाव कमी केले की तो मार्गच बंद होतो.

दुसरे, स्वेच्छेने घरी शिकविणाऱ्या पालकांचे. मुंबई-पुण्याकडून किनाऱ्यावर राहावयास आलेले एखादे कुटुंब असा विचार मांडते. अशा शिक्षणास मान्यता वा नोंदणी देणारी तरतूद या अधिनियमात नाही. म्हणून शिक्षकाने परवानगीचा दाखला देऊ नये, तसेच पालकांस धाकही घालू नये. कलम १० समजावून सांगावे. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत १४ वर्षे पूर्ण झाल्यावर माध्यमिक परीक्षेस बसता येते, हीही माहिती द्यावी.

आणखी एक सावधगिरी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबातील मूल ‘घरी शिकते’ असे कोणी लिहू नये. ते शाळाबाह्य होण्याच्या मार्गावर असते. त्यास शिक्षण हमी पत्रक देऊन नव्या गावच्या शाळेशी जोडावे.

घरून परतणाऱ्या कोणत्याही बालकाबाबत पुढील गोष्टी ध्यानी असाव्यात :

१) कलम ४ प्रमाणे त्यास वयानुरूप वर्गात घ्यावे व मागे असल्यास विशेष प्रशिक्षण द्यावे.

२) वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये (कलम १४).

३) वर्ष सुरू झाले, उशीर झाला, ही सबब चालत नाही (कलम १५).

४) दाखला मिळण्यास विलंब झाला तरी प्रवेश अडवू नये (कलम ५).

त्या मुलीचे नाव त्याच आठवड्यात पटावर परत आले. आता तिचे वडील आठवड्यातून दोन दिवस तिला सायकलवरून शाळेत आणतात. उरलेले दिवस ती घरी शिकते. हजेरीपटावरील एक ओळ खोडणे क्षणाचे काम आहे. परंतु त्या ओळीत एका मुलाचे आयुष्य असते, हे विसरू नये.