पंचविसातले पाच आधी का?

मिठबावच्या किनाऱ्यावर दुसरीतली एक मुलगी शिंपले मोजत होती. पंचवीस भरले. तिने काडीने वाळूवर आकडा लिहिला, ५२!

मुलांनो, हसू नका. तिने ऐकले तसेच लिहिले. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात, वीस मागून. लिहिताना मात्र दशकाचा २ आधी, एककाचा ५ नंतर. 'एकोणतीस' तर त्याहून गमतीचे. कानाला ऐकू येतात तीस आणि लिहायचा २! कारण एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस.

शेजारच्या कानडीत वीस आधी, पाच नंतर. इंग्रजीतही तसेच. जर्मन भाषा मात्र आपल्यासारखीच उलटी बोलते. ही अडचण ओळखून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' अशी वाचनाची रीत दिली गेली. तेव्हा गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला.

नाव कोणतेही घ्या, संख्या बदलत नाही. माडाच्या झावळीचे पंचवीस हीर घ्या आणि दहा-दहाच्या जुड्या बांधा. दोन जुड्या झाल्या, पाच हीर सुटे उरले. आता ५२ करून पाहा. पाच जुड्या आणि दोन सुटे! त्यासाठी आणखी सत्तावीस हीर आणावे लागतील.

धाकट्या भावंडाने २५ चे ५२ केले, तर त्याला रागावू नका. आधी त्याच्या हाती हीर द्या, मग पेन्सिल.