घरातला दफ्तरदार

“घरी बसून तू नेमकं करतोस काय?” हा प्रश्न घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला एखाद्या लग्नकार्यात हमखास विचारला जातो. सॉफ्टवेअर म्हटलं की बहुतेकांचं समाधान होतं. “डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर” म्हटलं की मात्र पुढचा प्रश्न येतो. अशा वेळी मी आपला जुना शब्द वापरतो: दफ्तरदार. दफ्तरदार सरकारी कागद रुमालात बांधून ठेवायचा आणि मागितला तो कागद काढून द्यायचा. डीबीएचं काम तेच आहे. बँकेतली शिल्लक, रेल्वेचं आरक्षण, रुग्णालयातले तपासणीचे अहवाल हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. ते हरवू नये, ज्याला अधिकार आहे त्यालाच दिसावं आणि मागितल्यावर लगेच मिळावं, ही डीबीएची जबाबदारी. फरक एवढाच, की जुन्या दफ्तरदाराला रुमालांपाशी बसावं लागे.

म्हणूनच हा विषय आपल्या मुलांच्या कामाचा आहे. इंदूरमध्ये टीसीएस, इन्फोसिसचे कॅम्पस आले असले तरी इंजिनियरिंग झालं की पुणे, बंगळूर किंवा हैदराबाद गाठायचं, हे अजूनही घराघरांत ठरलेलं असतं. डीबीएचं काम इथे राहून करता येतं का? येतं. पण त्यासाठी काय लागतं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

सर्व्हर आधीपासूनच दूर

पुण्याच्या ऑफिसात बसलेला डीबीएसुद्धा सर्व्हरच्या शेजारी नसतो. सर्व्हर मुंबईच्या, हैदराबादच्या नाहीतर अमेरिकेतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतो. डीबीए व्हीपीएनने कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरतो, मोबाइलवर आलेला कोड देतो, मधल्या एका सर्व्हरवर जातो आणि तिथून डेटाबेसपर्यंत पोहोचतो. कोण कधी आत आलं आणि त्याने काय केलं, याची नोंद होत राहते. घरून काम करतानाही वाट हीच असते.

दिवसाची सुरुवात पाहणीने होते. रात्रीचे बॅकअप झाले का? डिस्कवर जागा किती उरली? दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत मुख्य सर्व्हरच्या मागे तर पडली नाही ना? मग तक्रारी येतात, आणि त्यातली नेहमीची म्हणजे “रिपोर्ट फार हळू चालतोय”. पुष्कळदा कारण साधं असतं. एक कोटी ओळींच्या तक्त्यात हवी ती ओळ शोधायला डेटाबेस पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचत असतो. जाड पुस्तकाच्या मागे सूची असते, तसा योग्य रकान्यावर इंडेक्स बनवला की तेच काम क्षणात होतं. पण प्रत्येक इंडेक्समुळे नवी नोंद लिहिणं थोडं जड होतं, म्हणून तो कुठे बनवायचा आणि कुठे नाही, हे ठरवणं महत्त्वाचं.

एका रात्रीची गोष्ट

गिटलॅब या कंपनीतले लोक जगभर आपापल्या घरून काम करतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनियरला दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता, पण आदेश गेला मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन तो थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरलं होतं. मग बॅकअप शोधायला गेल्यावर खरा धक्का बसला. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्याने होतच नव्हता, आणि तो फसल्याच्या सूचनांच्या ईमेलही पोहोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी त्याच इंजिनियरने चाचणीच्या कामासाठी एक प्रत घेतली होती, ती कामी आली. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर सगळ्यांना थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवालही प्रसिद्ध केला.

हे ऑफिसात बसूनही घडलं असतं. चुकीच्या खिडकीत आदेश देण्याचा घराशी संबंध नाही. पण ऑफिसात शेजारचा सहकारी “थांब, हा कुठला सर्व्हर?” असं विचारू शकतो. घरी तो आवाज नसतो, म्हणून त्याची जागा सवयींना घ्यावी लागते. मुख्य सर्व्हरच्या खिडकीला लाल रंग द्यायचा. मोठा बदल करण्यापूर्वी पायऱ्या लिहून सहकाऱ्याला दाखवायच्या. बदल व्यवहारात गुंडाळून, किती ओळी बदलल्या ते पाहूनच कायम करायचा. दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीला बॅकअप समजायचं नाही, कारण इथे पुसलेलं काही क्षणांत तिथेही पुसलं जातं. आणि ठरावीक दिवसांनी बॅकअप वेगळ्या मशीनवर उतरवून, तो उघडतो का ते बघायचं. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही.

घड्याळ आणि घर

देखभालीचं काम गिऱ्हाईक झोपलेलं असताना करतात. न्यूयॉर्कची शनिवारची मध्यरात्र म्हणजे उन्हाळ्यात आपली रविवारची सकाळ, साडेनऊ. पोहे-जलेबीची वेळ! हिवाळ्यात तेच साडेदहाला, कारण तिकडे घड्याळं मागे जातात आणि आपली जात नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे पहाटे दोनचे पुन्हा एक होतात. म्हणजे दीड वाजता चालणारं काम नीट न लावल्यास दोनदा चालू शकतं. म्हणून सर्व्हरची वेळ यूटीसीत ठेवतात.

घराची व्यवस्थाही बघावी लागते. इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर दोन्ही हवेत. इंटरनेटच्या दोन कंपन्या घेतल्या तरी दोघांच्या तारा एकाच खांबावरून येत असतील, तर एका खोदकामात दोन्ही जातात, तेव्हा दुसरी सोय मोबाइलची असलेली बरी. लांबणारं काम लॅपटॉपवरून नाही, सर्व्हरवरच्या सेशनमध्ये चालवायचं. मग घरचं नेट तुटलं तरी काम चालू राहतं.

घरच्यांना सांगायची गोष्ट वेगळी. पडद्यावर कुणाचे आजार, कुणाचे पगार असतात. उठताना स्क्रीन लॉक करणं हा शेजाऱ्या-पाहुण्यांवरचा अविश्वास नाही, ती नोकरीची अट आहे. रात्री तीनला अलार्म आला असेल, तर सकाळी दहापर्यंत झोपलेला मुलगा आळशी नाही. आणि खोलीचं दार बंद असताना “जरा गॅस सिलेंडर घे रे” ही हाक थोडी थांबू शकते.

मग निवडावं का?

माझं मत असं, की पहिली दोनेक वर्षं शक्य असेल तर ऑफिसात, ज्येष्ठांच्या शेजारी काढावीत. संकटात शांत कसं राहायचं हे व्हिडिओ कॉलवर शिकता येत नाही. घरून काम करणाऱ्याचा आणखी एक तोटा म्हणजे त्याचं चांगलं काम दिसत नाही. डेटाबेस सुरळीत चालला तर कुणालाच काही कळत नाही, आणि बढतीच्या वेळी नाव आठवत नाही. त्यावर उपाय म्हणजे केलेलं काम लिहून ठेवणं आणि दर आठवड्याला दोन ओळींत वरिष्ठांना कळवणं. त्यासाठी चांगलं इंग्रजी लिहिणं हे एसक्यूएलइतकंच गरजेचं आहे.

शिकायला खर्च नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि पोस्टग्रेस्क्यूएल टाका, दोन्ही मोफत आहेत. एक कोटी ओळींचा तक्ता बनवा. इंडेक्सशिवाय आणि इंडेक्ससह शोधायला किती वेळ लागतो ते मोजा. मग बॅकअप घ्या, तक्ता मुद्दाम पुसा आणि परत आणा. ओळी मोजा, एकही कमी भरता कामा नये. हे करताना मजा आली, तर या कामाचा जरूर विचार करा. आणि आई-बाबांनाही एकदा समोर बसवून दाखवा. पुढच्या लग्नात तो प्रश्न आला, तर उत्तर तेच देतील.