राजदूत ३५० बाळगणाऱ्यांसाठी चार शब्द

एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८३ साली बाजारात आणलेली, ३४७ सी.सी.ची, दोन सिलिंडरांची आणि सहा गिअरांची टू-स्ट्रोक राजदूत ३५० ज्यांच्या पदरी आहे, त्यांनी लातूरहून अहमदपूर-लोहामार्गे नांदेड गाठण्याचा बेत करण्यापूर्वी क्रँकशाफ्टच्या ऑइल सीलांची विचारपूस करावी, हे इष्ट. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की ही रबरी कडी ताठरतात, तेथून हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचा अंश घटतो आणि तापलेला पिस्टन सिलिंडरलाच धरून बसतो. मराठवाड्याच्या वैशाखात तर हे संकट अधिकच समीप. ऑइल पंपाच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तरी परिणाम तोच.

भारतीय आवृत्तीला पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक देण्याची काटकसर मला तरी अक्षम्य वाटते. म्हणून कंधार फाट्यावर उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली दिसताच, मुठीतील आवेश आवरून, पुरेशा अंतरावरूनच वेग उतरवावा. मात्र मोकळ्या रस्त्यावर इंजिनाचे फेरे चढत जाऊन एका क्षणी गाडी जी ओढ घेते आणि दोन्ही सायलेन्सरांचा स्वर पालटतो, त्या आनंदाला तोड नाही!

कागदोपत्री, १५ वर्षांची मुदत सरलेल्या या गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. २०२१च्या केंद्रीय नियमांतील ‘व्हिंटेज’ दर्जास ५० वर्षे वय लागत असल्याने तो मार्ग २०३३पूर्वी खुला नाही. खरेदी करणाऱ्यांनी इंजिन व चासीचे क्रमांक दस्तऐवजाशी ताडून पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नये.