सुईचं पाकीट, बुटाचा खोका

मध्यंतरी आमच्या घरी शिलाई मशीनच्या सुयांचं एक पाकीट आलं. ऑनलाइन मागवलेलं. पाकीट काडेपेटीपेक्षा पातळ, पण आलं बुटाच्या खोक्यात. उरलेल्या जागेत चुरगळलेला तपकिरी कागद. तो मी सरळ करून ठेवला; कवितेच्या कच्च्या खर्ड्याला बरा.

हा निव्वळ निष्काळजीपणा, असं आपल्याला वाटतं. थोडा असतोही. पण मुळात तो हिशेब आहे. आपला वाणी जिन्नस बघून पुडी बांधतो. मोठ्या गोदामात वस्तू लाखो तऱ्हेच्या आणि खोक्यांची मापं मोजकीच. वस्तूची लांबी-रुंदी-उंची संगणकात नोंदलेली असते, त्यावरून तो खोका सुचवतो. नोंद चुकली की खोका चुकला. कधी दोन जिन्नस एकत्र जायचे ठरतात, ऐनवेळी एक दुसऱ्या गोदामातून निघतो, आणि उरलेला एकटाच दोघांच्या खोक्यात बसून येतो.

शिवाय वस्तू फारच लहान असेल तर पत्त्याचं लेबल चिकटवायचं कुठं? सरकत्या पट्ट्यावरून जाताना ती एखाद्या फटीत पडली, तर सापडायची कशी?

आता पुडकं बांधणाऱ्या माणसाकडे बघा. मोठ्या गोदामांत त्यानं तासाला किती पुडकी बांधली याची मोजदाद होते. नेमका खोका संपला, तर तो शोधत बसेल की हाताशी आहे तो उचलेल? तिथं पुठ्ठ्यापेक्षा मिनिट महाग. मला विचाराल तर या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही; त्याची घाई दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असते.

ही हवा फुकट जात नाही, हेही खरं. कुरियरवाले बहुधा वजनाबरोबर आकारही मोजतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करायचा आणि त्याला 5000 नं भागायचं, ही नेहमीची रीत. 30 बाय 20 बाय 15 चा खोका म्हणजे 1.8 किलो, आत सुया असोत की कापूस. खरं वजन आणि हे वजन, यांत जे जास्त त्याचे पैसे. ट्रकमध्ये जागा अडते, तेव्हा फेऱ्याही वाढतात. हा खर्च शेवटी मालाच्या किमतीत नाहीतर पोचवणावळीत येतोच. तरीही वाचलेलं मिनिट आणि टळलेली मोडतोड यांचं पारडं पुष्कळदा जड ठरतं.

मापाप्रमाणे जागच्या जागी खोका कापून देणारी यंत्रं निघाली आहेत, पण ती महाग. युरोपीय संघानं मात्र 2025 मध्ये अमलात आलेल्या कायद्यानं 2030 पासूनची मर्यादा घातली आहे. ऑनलाइन मालाच्या खोक्यात निम्म्याहून अधिक जागा रिकामी ठेवता येणार नाही. आणि जागा भरण्यासाठी कोंबलेला कागद, हवेच्या पिशव्या, थर्माकोल, हे सगळं तिथं रिकामी जागा म्हणूनच मोजलं जाईल.